निखत झरीन : निजामाबादच्या मैदानापासून जागतिक विजेतेपदापर्यंत

गोदावरीचा पूल ओलांडला की निजामाबाद जिल्हा लागतो. बाजारहाट, दवाखाना, कॉलेज, सोयरिक अशा कुठल्या ना कुठल्या कामाने आपल्या बासरच्या मराठी कुटुंबांचे तिकडे जाणे-येणे असतेच. त्याच निजामाबाद शहरातली निखत झरीन पुढे मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. तिची पदके सगळ्यांना ठाऊक आहेत. शाळा-कॉलेजातली तिची वर्षे मात्र फारशी सांगितली जात नाहीत, म्हणून ती माहिती येथे देत आहोत.

घर आणि सुरुवात

निखतचा जन्म 14 जून 1996 रोजी निजामाबाद येथे झाला. वडील मोहम्मद जमील अहमद, आई परवीन सुलताना. चार बहिणींमध्ये निखत तिसरी. वडील स्वतः तरुणपणी खेळाडू होते. नोकरीनिमित्त ते बरीच वर्षे सौदी अरेबियात राहिले आणि परत आल्यावर त्यांनी मुलीच्या खेळाकडे पूर्ण लक्ष दिले.

निखत आधी 100 आणि 200 मीटर धावायची. मैदानावर बॉक्सिंग करणारी सगळी मुलेच दिसायची, मुली का नाहीत, असा प्रश्न तिला पडला आणि ती या खेळाकडे वळली. निजामाबादला शमशामुद्दीन हे तिचे पहिले प्रशिक्षक. सरावाला मुलीच नसल्याने तिला मुलांशी लढावे लागे. एकदा ती तोंडाला मार लागून घरी आली, तेव्हा आईला रडू कोसळले. अशा मुलीशी लग्न कोण करणार, ही आईची काळजी. नातेवाईक आणि ओळखीचे लोक तिच्या आखूड कपड्यांवरून बोलत. वडिलांनी ते बोलणे मनावर घेतले नाही आणि मुलीचा सराव थांबू दिला नाही.

चौदाव्या वर्षीचे सुवर्ण

2009 मध्ये निखत विशाखापट्टणमच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात दाखल झाली. तेथे द्रोणाचार्य पुरस्कारप्राप्त प्रशिक्षक आय. वेंकटेश्वर राव यांच्याकडे तिने धडे घेतले. एप्रिल 2011 मध्ये तुर्कस्तानातील अंताल्या येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत तिने यजमान देशाच्या उल्कू देमिरला 27-16 असे हरवून सुवर्ण जिंकले. तेव्हा ती 14 वर्षांची होती. 2013 मध्ये बल्गेरियातील युवा जागतिक स्पर्धेत तिने रौप्य मिळवले.

कॉलेजची वर्षे आणि दुखापत

पुढे हैदराबादच्या ए. व्ही. कॉलेजात तिने कला शाखेला प्रवेश घेतला. खेळणाऱ्या मुलांसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धा फार मोलाची असते. देशभरची विद्यापीठे तेथे आपापले संघ उतरवतात आणि नोकरी व राष्ट्रीय शिबिराच्या वाटा बहुधा तेथूनच उघडतात.

2017 मध्ये अशाच एका आंतरविद्यापीठ लढतीत निखतचा खांदा निखळला. शस्त्रक्रिया करावी लागली आणि जवळपास वर्षभर ती रिंगणाबाहेर राहिली. ठोसा मारणाऱ्या खेळाडूचा खांदा गेला म्हणजे सुताराचा हात गेल्यासारखेच. 2018 मध्ये बेलग्रेडला सुवर्ण जिंकून ती परतली आणि 2019 मध्ये सोफियाच्या स्ट्रँजा स्पर्धेतही तिने सुवर्ण मिळवले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस ऑलिंपिक पात्रता फेरीसाठीच्या निवड चाचणीत मेरी कोमने तिला 9-1 असे हरवले आणि टोकियोची वाट बंद झाली.

जगज्जेती

19 मे 2022 रोजी इस्तंबूलला 52 किलो गटाच्या अंतिम लढतीत निखतने थायलंडच्या जितपाँग जुतामासला 5-0 ने नमवले, म्हणजे पाचही पंचांनी कौल तिच्याच बाजूने दिला. जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पाचवी भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी तिने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला. मार्च 2023 मध्ये दिल्लीत, 50 किलो गटात, ती पुन्हा जगज्जेती झाली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या वू यूकडून ती पदकाआधीच हरली. त्याच वर्षी तेलंगणा पोलीस दलात तिची उपअधीक्षक पदावर नेमणूक झाली.

आपल्यासाठी

कनिष्ठ गटाचे सुवर्ण आणि जगज्जेतेपद यांच्यामध्ये 11 वर्षे गेली. त्यात कॉलेज होते, शस्त्रक्रिया होती, हातची गेलेली संधी होती. आपल्याकडे बारावीचे वर्ष आले की मुलीचे मैदान आधी सुटते, आणि एखादी दुखापत झाली तर मग विषयच संपतो. बासरला पालक लांबून लांबून मुलांना अक्षराभ्यासासाठी सरस्वतीच्या दारी आणतात. पाटी-पेन्सिल हवीच. पण तीच मुलगी संध्याकाळी मैदानावर जायचे म्हणाली, तर तिला अडवू नये, एवढेच आमचे सर्व सभासद कुटुंबांना सांगणे आहे. निखतच्या वडिलांनी तेवढेच केले होते, आणि तेही पुलापलीकडच्या गावात.