औषधाला दाद न देणारा जंतू

मंडळी, १९४१ मध्ये अमेरिकेत कार्व्हिल इथे गाय फॅगेट यांनी कुष्ठरोगावर प्रोमिन वापरायला सुरुवात केली, इथवर आपण आलो होतो. त्याच कुळातलं डॅप्सोन पुढे स्वस्त गोळ्यांच्या रूपात भारतातही पोहोचलं. आणि काही वर्षांनी बरे होत आलेले काही रुग्ण पुन्हा बिघडू लागले. संशय साहजिकच आधी रुग्णावर: हा गोळ्या घेत नसणार!

रुग्णाची बाजू तपासायची कशी? इतर बरेच जंतू बशीत वाढवायचे, शेजारी औषध ठेवायचं, दोन-तीन दिवसांत कळतं. हा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला, पण बशीत तो आजही वाढत नाही. एकाचे दोन व्हायलाच जवळपास दोन आठवडे. १९६० मध्ये शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवला, तेव्हा कुठे वाट सापडली. १९६४ मध्ये मलेशियातल्या सुंगाई बुलोच्या रुग्णांचे जंतू पेटिट आणि रीस यांनी उंदरांना टोचले. डॅप्सोन खाणाऱ्या उंदरांतही ते वाढले. म्हणजे दोष जंतूत होता, रुग्णात नव्हे. पण अशा एका तपासणीला सहा महिने ते वर्ष लागे, जंतू जिवंतच पोहोचवावे लागत. तोवर रुग्णाची बोटं थांबत नाहीत हो.

१९७६ मध्ये रिफाम्पिसिनलाही दाद न देणारा जंतू सापडला. म्हणून १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. १९९३ मध्ये ऑनोरे आणि कोल यांनी या प्रतिरोधाचं मूळ दाखवलं. रिफाम्पिसिन जंतूच्या ज्या एन्झाइमला धरतं, त्याच्या जनुकात एक अक्षर बदललं तरी पकड सुटते. मग जंतू वाढवायचा कशाला? पीसीआरने जनुकाचा तेवढाच तुकडा वाढवायचा आणि अक्षरं वाचायची! नमुना अल्कोहोलमध्ये पाठवला, जंतू मेलेला असला, तरी चालतं. उत्तर काही दिवसांत. डॅप्सोन आणि ऑफ्लॉक्सॅसिनच्या जागाही पुढे कळल्या. २००१ मध्ये या जंतूचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तो तामिळनाडूतल्या रुग्णाकडून आलेल्या वाणाचा. त्यातली हजाराहून जास्त जनुकं निकामी झालेली आहेत. बशीत का वाढत नाही, याचं बरंचसं उत्तर बहुधा तिथेच आहे.

पण एक अडचण राहतेच. नमुन्यात जंतू अगदी थोडे असतील, तर वाचायला पुरेसा डीएनएच हाती लागत नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांना आजही चट्ट्याकडे आणि मज्जातंतूंकडेच लक्ष ठेवून राहावं लागतं.