घरटी माणूस : रानवाटा, ओहळ आणि श्रमाची नावे

डोंगराळ मुलखात पावसाळा सरता सरता रानातील पायवाटा गवताने बुजतात आणि ओहळ गाळ-पाचोळ्याने तुंबतात. ते मोकळे करण्याच्या बिनमोल श्रमास मराठीत निरनिराळी नावे मिळाली. त्या नावांत श्रमामागील हक्काचा इतिहास साठलेला आहे, असे मला वाटते.

सर्वांत जुने नाव ‘वेठ’. ते संस्कृत ‘विष्टि’पासून प्राकृत ‘विट्ठि’ या रूपाने आले. इ. स. १५० च्या सुमाराच्या गिरनार येथील लेखात महाक्षत्रप रुद्रदामन् सांगतो की, पुराने फुटलेला सुदर्शन तलावाचा बांध आपण कर, विष्टि व प्रणय यांचा प्रजेस त्रास न देता बांधविला. ज्या गोष्टीचा अभाव राजास शिळेवर कोरावासा वाटतो, ती एरवी सर्रास चालत असली पाहिजे. पुढे फारसी ‘बिगार’ याच शब्दास येऊन मिळाला आणि ‘वेठबिगार’ हा द्विरुक्त समास रूढ झाला; एका भाषेतील शब्द जणू पुरेसा जाचक नव्हता!

गावाने स्वतःसाठी केलेल्या कामास मात्र लोक वेठ म्हणत नाहीत. तेथे शब्दप्रयोग येतो तो ‘घरटी एक माणूस’ असा. यातील ‘-टी’ हा प्रत्यय वाटणी दाखवितो : भार व्यक्तीवर नसून घरावर आहे, आणि वाटेने जाणारे व ओहळाचे पाणी भरणारेही तेच घर आहे. ही व्यवस्था सर्वस्वी ऐच्छिक होती असे मानण्याचे कारण नाही. गावकीचा धाक तीत होताच. शिवाय गावगाड्याचे गोडवे गाताना महार वतन विसरता येत नाही. त्या वतनाखालील राबणूक ही वेठच होती, आणि तिच्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले.

खरा पालट वनकायद्यांनी घडविला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम ९ प्रमाणे राखीव वनात मुदतीत न मागितलेले हक्क नष्ट होतात. कलम २५ प्रमाणे पर्यायी सोय असल्यास वनाधिकारी, शासनाच्या पूर्वमंजुरीने, वाट वा जलप्रवाह बंद करू शकतो. पूर्वी वहिवाटीने जी वाट आपली होती, ती आता मागणीचा विषय झाली. जी वाट उद्या बंद होऊ शकते ती घरटी माणूस लावून कोण बेणणार?

स्वातंत्र्यानंतर भूदानाच्या काळात ‘श्रमदान’ हा शब्द घरोघरी पोचला. वेठीचा डाग त्यावर नाही, ही त्याची थोरवी. परंतु दान आपले दुसऱ्यास द्यावयाचे असते. स्वतःच्या वाटेवरचे गवत काढणारा दान कोणास करतो? या शब्दाने श्रमास प्रतिष्ठा दिली, हक्काविषयी मात्र तो मौन राहिला.

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने ते मौन काही अंशी मोडले. त्यातील कलम ३ सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन हा हक्क मानते, तर कलम ५ पाणलोट व जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेस देते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. तेथील ओहळ राखणारा माणूस आता दाता नव्हे आणि वेठकरीही नव्हे. त्याच्या श्रमास गोंडीत, तसेच कोकणी व डांगी बोलींत, कोणते शब्द आहेत, याचा संग्रह आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी अवश्य हाती घ्यावा.