महाडच्या मांडवातील विचारविनिमय

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या मुलांना शाळेत शिकविला जातो. सावित्री नदीकाठचे महाड हे आपल्या जिल्ह्यातील जुने बंदर. तथापि हा इतिहास परिषदांतून घडला, आणि त्या परिषदांची रीत कशी होती, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते; परंतु ते कागदावरच. दुसऱ्या दिवशी कामकाज आटोपत असताना अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली आणि सारी सभा उठून चालू लागली. लोक पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. अनेकांनी मार खाल्ला.

त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून, आपल्या नाताळाच्या दिवसांत, दुसरी परिषद भरली. मांडवासाठी जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. तळे खाजगी असल्याचा दावा करून विरोधकांनी न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. तो मोडून तुरुंगात जावे, की निकालाची वाट पाहावी? अध्यक्षांनी आपला निर्णय जाहीर केला असता, तरी लोकांनी तो मानला असता. परंतु तसे घडले नाही. प्रतिनिधींनी दोन्ही बाजूंनी मते मांडली. सत्याग्रहास तयार असलेल्यांची नावे नोंदविण्यात आली. कलेक्टरचे म्हणणेही सभेने ऐकून घेतले. अखेर सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला, आणि लोक पाण्याला हात न लावता तळ्याभोवती मिरवणुकीने फिरून आले.

आमच्या मते या प्रसंगाचे मोल येथेच आहे. गावी परतल्यावर बहिष्कार कोणाला सोसावा लागेल, कोणाचे काम सुटेल, हे ज्या त्या गावच्या माणसालाच ठाऊक होते. ते ज्ञान व्यासपीठावर नव्हते, मांडवात होते. शिवाय तुरुंगाची तयारी ठेवून आलेल्या माणसाला माघार पचविणे कठीण असते. विचारविनिमयात स्वतः सहभागी झाल्यामुळेच ते त्यांना साधले असावे. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. म्हणजे वाट पाहणे नऊ वर्षांहून अधिक काळाचे ठरले.

ख्रिस्तसभेला ही रीत परकी नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात येरुशलेमची सभा वर्णिली आहे. तेथे पेत्र बोलतो, पौल व बर्णबा आपले अनुभव सांगतात, आणि मगच याकोब निष्कर्ष मांडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बोलाविलेल्या सिनडमध्ये कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी व प्रापंचिक एकाच गोल मेजाभोवती बसले. प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा. मग मौन प्रार्थना. मग इतरांच्या बोलण्यातील काय मनाला भिडले ते सांगायचे. आणि शेवटी मिळून दिशा शोधायची, असा क्रम होता. त्या सिनडमध्ये स्त्रियांना प्रथमच मताधिकार मिळाला.

आपल्या धर्मग्रामाच्या सभांत मात्र बहुधा धर्मगुरू बोलतात, चिटणीस अहवाल वाचतात आणि लोक चहाची वाट पाहतात. समुद्रावर जाणारा, मुंबईला नोकरीसाठी रोज ये-जा करणारा, सुनेचा संसार जवळून पाहणारी वृद्ध माता, यांच्यापाशी जे ज्ञान आहे ते तसेच घरी परत जाते. मिस्साबलिदानासाठी बाके वेदीकडे तोंड करून असावीत, हे योग्यच. सभेसाठी मात्र खुर्च्या गोल मांडाव्यात, विषय आठवडाभर आधी कळवावा, अबोल माणसाला प्रथम बोलू द्यावे आणि आम्ही धर्मगुरूंनी सर्वांत शेवटी बोलावे. यास पैसा लागत नाही. थोडा धीर लागतो. महाडच्या मांडवातील माणसांनी याहून कितीतरी अधिक धीर धरला होता.