निसर्ग वादळाची दुपार

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं. नोंदणी, वास्तुपूजन, रंगकाम यांच्या तारखा इतिवृत्तात आहेतच. जे तिथे नीट नोंदलं गेलं नाही ते मी लिहितो, कारण त्या वेळी सेक्रेटरी मीच होतो.

अरबी समुद्रात वादळांचे मोसम दोन. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये. दुसरा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. 11 नोव्हेंबर 2009 रोजी आलेलं 'फयान' या दुसऱ्या मोसमातलं. अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान ते दुपारी किनाऱ्याला लागलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी मच्छीमार समुद्रातून परतले नाहीत. आपल्या आवारात मात्र शेवग्याची एक फांदी मोडली, एवढंच. आम्ही दारं लावून भजी खाल्ली. "अलिबागला काही होत नाही," हे वाक्य आपल्याकडे रुळलं ते तेव्हापासून.

पुढे गच्चीवर पत्र्याची शेड आली. काही वर्षांनी फॅब्रिकेटर म्हणाला, "हुक गंजलेत, बदलून घ्या." वार्षिक सभेत मीच सुचवलं, यंदा रंगकाम करू, पत्र्यांचं पुढच्या वर्षी बघू. सगळ्यांनी हात वर केले.

मग 3 जून 2020 उजाडला. कोरोनाचे दिवस. शेजारी शेजाऱ्याला जिन्यात टाळत होता. त्यात 'निसर्ग' आलं. आम्ही समुद्राकडच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसलो, आणि वारा सुटला तो डोंगराकडून! आपल्याकडे चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळाचा मध्य आपल्या दक्षिणेला होता, म्हणून आधी जमिनीकडचा वारा आला आणि नंतर फिरून समुद्राकडचा. हे मला पुढे वाचल्यावर कळलं. त्या दिवशी फक्त चुकीच्या खिडक्या बंद केल्याचं कळलं.

साडेबारा ते अडीच, या वेळात वादळ जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पत्रे आधी थडथडले, मग एकेक करून सुटले. वरच्या मजल्यावर आजी-आजोबा दोघेच. त्यांच्या स्वयंपाकघराची काच फुटली, तरी आजोबा खाली यायला तयार नाहीत. "आमचं वय बघा, संसर्ग नको. आम्ही इथेच बरे." तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी दार सताड उघडलं. मार्चपासून पेपरसुद्धा घरात न घेतलेल्या काकू! जिन्यातून ओरडल्या, "आजोबा, करोनाचं उद्या बघू, आधी खाली या!"

तीनच्या सुमारास काकूंच्या हॉलमध्ये आम्ही तेरा जण, ओले मास्क लावून. वीज नाही, फोनला रेंज नाही. काकूंनी गॅसवर चहा टाकला. कोणी फारसं बोलत नव्हतं. वारा कमी झाला का, एवढंच जो तो कान देऊन ऐकत होता.

संध्याकाळी बाहेर आलो तर एक अख्खा पत्रा बाकड्यावर आडवा पडलेला. आजोबा रोज तिथेच बसायचे. मी तिथून मान वर करून कोणाकडे बघू शकलो नाही.

श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या लोकांनी त्याच दुपारी पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या गमावल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षं जातात. त्यांच्यापुढे आपलं नुकसान काहीच नाही. पण त्यांचं नुकसान टाळणं कोणाच्या हातात नव्हतं. आपलं होतं.

इतिवृत्तात एकच ओळ आहे: 'वादळात पत्रे उडाले, नवीन बसवण्यात आले.' माझी विनंती, त्यापुढे लिहावं: 'हुक बदलणे सेक्रेटरींच्या सूचनेवरून पुढे ढकलले होते.' आणि नव्या कमिटीने वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, गच्चीवर चढून प्रत्येक हुक हाताने हलवून बघावा. वादळाचे मोसमही दोनच आहेत.

काकूंचं दार उघडल्याची नोंदही इतिवृत्तात नाही. ती इथे करून ठेवतो.