मशीद-मदरशाचा चंदा आणि मनी लाँडरिंगचा कायदा : जुन्नर-आंबेगावच्या ट्रस्टींना माहीत हवे असे नियम

रमजान आला की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथे जकात, फित्रा आणि चंद्याचा हिशेब सुरू होतो. पैसा नेकीचा असतो. पण बँकेत भरायला गेलो की ट्रस्टचे कागद, ट्रस्टींची ओळखपत्रे मागतात, आणि ‘आपल्यालाच का विचारतात?’ असा प्रश्न निघतो. म्हणून हे नियम आपण नीट समजून घेऊ.

कायदे कोणते?

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा (पीएमएलए) 2002 चा, लागू 1 जुलै 2005 पासून. गुन्ह्यातून आलेला पैसा लपवणे, वापरणे किंवा स्वच्छ म्हणून दाखवणे हा यात गुन्हा आहे. शिक्षा 3 ते 7 वर्षे सक्तमजुरी. मात्र मूळ गुन्हा कायद्याच्या परिशिष्टातला असावा लागतो.

दहशतवादी कृत्यासाठी पैसा गोळा करणे यूएपीए (1967) मध्ये येते. कलम 17 प्रमाणे किमान 5 वर्षे ते जन्मठेप. इथे पैसा हलालच्या कमाईचा असला तरी सुटका नाही. तो कशासाठी दिला हे पाहिले जाते.

बँक का विचारते?

7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने नियम बदलले. धार्मिक किंवा धर्मादाय हेतूची नोंदणीकृत संस्था खातेदार असेल, तर तिची नोंद नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर असल्याची खात्री बँकेने करायची आणि खाते बंद झाल्यावरही 5 वर्षे कागद जपायचे. अशा संस्थेच्या खात्यात 10 लाखांपेक्षा जास्त रक्कम जमा झाली, तर त्याची माहिती केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला जाते. मंदिर, चर्च, गुरुद्वारा यांच्या ट्रस्टलाही हेच लागू. माहिती गेली म्हणजे गुन्हा झाला, असे नाही.

पुणे जिल्ह्यातले प्रकरण

मुळशी तालुक्यातल्या माण गावची ताबूत इनाम एंडोमेंट ट्रस्टची जमीन सरकारने संपादित केली. वक्फ बोर्डाचे बनावट ना-हरकत पत्र दाखवून सुमारे 7 कोटी 76 लाखांचा मोबदला उचलल्याचा आरोप झाला. आधी पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला, मग नोव्हेंबर 2021 मध्ये ईडीने पुण्यात छापे घातले. ‘वक्फ बोर्डावर छापा’ अशी बातमी पसरली. कारवाई होती त्या ट्रस्टच्या प्रकरणात. पुणे-नाशिक महामार्ग आपल्याच मंचर, नारायणगाव, आळेफाट्यावरून जातो. संपादनात वक्फची जमीन गेली, तर मोबदल्याचा कागद अन् कागद जमातीसमोर ठेवायला हवा.

जगाचा नियम काय सांगतो?

हे नियम एफएटीएफ या 1989 सालच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशींवरून आलेत. भारत 2010 पासून सदस्य आहे. तिची आठवी शिफारस सेवाभावी संस्थांबद्दल आहे. ती असेही म्हणते की उपाय धोका पाहून, प्रमाणात असावेत. प्रामाणिक संस्थांचे काम अडू नये. ट्रस्टचे कागद पूर्ण असतील तर हा मुद्दा बँकेपुढे आपण ठामपणे मांडू शकतो.

आपण काय करायचे?

- चंदा ट्रस्टच्या खात्यातच जमा करा. कुणाच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड लावू नका.
- प्रत्येक रकमेची क्रमांकाची पावती फाडा. गुप्तदानाची पेटी दोन-तीन जणांसमोर उघडून रक्कम लिहा.
- एका व्यक्तीकडून एका दिवसात 2 लाख किंवा जास्त रोख घेऊ नका. आयकर कायद्याने मनाई आहे.
- परदेशी नागरिकाचा किंवा संस्थेचा पैसा एफसीआरए नोंदणीशिवाय घेऊ नका. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टचा आपला भाऊ स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. हवाला मात्र कधीच नको.
- बाहेरगावचा सफीर आला तर मदरशाचे पत्र, नोंदणी क्रमांक पाहा, फोन करून खात्री करा.
- ट्रस्टी बदलले की बँकेत आणि नोंदणी कार्यालयात लगेच कळवा. वार्षिक ऑडिट चुकवू नका.

ईडीची किंवा पोलिसांची नोटीस आली तर ती दडवू नका, घाबरून पळू नका. वकिलाला घेऊन लेखी उत्तर द्या. जकात ही अमानत आहे. तिचा हिशेब आपल्याला अल्लाहला द्यायचाच आहे, तो वहीतही पक्का असू द्या.