जुन्या फियाटच्या आतल्या रेक्झिन-प्लास्टिकला रंग द्यायचाय? आधी नीट धुवा, थिनर लांब ठेवा

इंदिरानगर (नाशिक) : महामार्गालगतच्या इंदिरानगरातल्या बंगल्यांपासून निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या मळ्यांपर्यंत जुनी फियाट, ॲम्बेसेडर नाहीतर पहिल्या काळातली मारुती ८०० जपणारी घरं अजून आहेत. इंजिनाला मिस्त्री मिळतो, पत्र्याचं डेंटिंग-पेंटिंगही होऊन जातं. अडतं ते आतमध्ये. दाराचं रेक्झिन पिवळट पडलेलं असतं, डॅशबोर्ड पांढुरका झालेला असतो, खांबांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या विटलेल्या असतात. मग घरातला ऑइलपेंटचा डबा निघतो, दोन हात मारले जातात आणि महिन्याभरात होता तो पार्टही वाया जातो.

वाया गेलेला पार्ट परत मिळवणं अवघड आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघायची. सत्तरच्या दशकात हीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी झाली. तिचं उत्पादन थांबून आता वीस वर्षांच्या वर झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. मारुती ८०० आणि ॲम्बेसेडर या दोन्ही २०१४ मध्ये बंद झाल्या. त्यामुळे आतल्या पॅनेलला रंग देणं हा हौसेचा भाग असला, तरी आहे तो माल वाचवणं हे त्यातलं खरं काम आहे.

आधी माल ओळखा

गाडीच्या आत सगळं 'प्लास्टिक' दिसत असलं तरी ते एक नसतं. दाराचं पॅनेल आणि सीटवर असतं ते रेक्झिन, म्हणजे विनाईल. हे पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. बाहेर ४० अंश ऊन असलं की बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही वर तापू शकतो. वर्षानुवर्षं अशा उन्हात ते द्रव्य हळूहळू बाहेर येतं, रेक्झिन वाळतं आणि तडकतं. ऑइलपेंट इथंच फसतो. खालचं द्रव्य वर येऊन रंगात मुरतं, रंग चिकट राहतो आणि रेक्झिन जिथं वाकतं तिथं फाटतो.

कडक पॅनेलमध्ये बहुतेक एबीएस किंवा पीपी असतं. पार्ट काढून पाठीमागं बघितलं तर पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत तसा छाप सापडतो. छाप नसेल तर सुटलेला छोटा तुकडा पाण्यात टाकावा. पीपी पाण्यापेक्षा हलकं असल्याने सहसा तरंगतं, एबीएस आणि पीव्हीसी बुडतं. हा फरक महत्त्वाचा आहे. एबीएसवर रंग बऱ्यापैकी धरतो, पण त्यावर कडक थिनर पुसलं तर पृष्ठभाग विरघळतो किंवा त्याला बारीक चिरा जातात. पीपीवर उलट काहीच धरत नाही. आधी पीपीसाठीचा प्लास्टिक प्रायमर मारला नाही, तर रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा नखाने निघतो.

तीन हिस्से धुणं, एक हिस्सा रंग

पॅनेल गाडीवर ठेवून रंगवू नये, काढूनच रंगवावं. काच वर-खाली करायच्या हँडलमागे पिन किंवा क्लिप असते. ती आधी काढावी, मग पॅनेलच्या कडेखाली चपटी पट्टी घालून एकेक क्लिप सोडवावी. स्क्रू-ड्रायव्हरने हिसका दिला तर रेक्झिन वाचतं, पण मागचा पुठ्ठ्यासारखा हार्डबोर्ड फाटतो. स्क्रू आणि क्लिपा वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात आणि काढताना मोबाईलवर फोटो घ्यावा. नाहीतर शेवटी दोन स्क्रू उरतात आणि ते कुठले, हे कुणालाच आठवत नाही.

भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश घेऊन रेक्झिनच्या रेषांमधला मळ काढावा. हार्डबोर्डला पाणी लागू देऊ नये, तो फुगतो. पाणी काळं निघायचं थांबेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसावं आणि फडकं सारखं बदलत राहावं. इथं खरा शत्रू म्हणजे डॅशबोर्डवर इतकी वर्षं मारलेलं चकचकीत पॉलिश. त्यातल्या सिलिकॉनमुळे रंग जागोजागी फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. एकदा पडले की वरून कितीही हात मारा, बुजत नाहीत.

धुणं झालं की नाही हे पाहायची सोपी खूण आहे. पॅनेलवर स्वच्छ पाणी शिंपडावं. ते एकसारखं पसरलं तर पॅनेल तयार आहे. दहिवराच्या थेंबांसारखं गोळा झालं तर तेलकटपणा उरलाय, पुन्हा धुवायचं. पेट्रोलने पुसायचा शॉर्टकट कुणी सांगितला तर ऐकू नये. आगीचा धोका आहेच, शिवाय पेट्रोल रेक्झिनमधलं उरलंसुरलं मऊपणही ओढून घेतं.

कडक प्लास्टिक पूर्ण वाळल्यावर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासावं, फक्त चकाकी जाईल इतपत. रेक्झिनला पेपर लावू नये, त्यावरची चामड्यासारखी नक्षी जाते.

फवारणी : द्राक्षवाल्यांना सांगायची गरज नाही

रंग घेताना विनाईल आणि प्लास्टिकसाठीचा लवचिक रंगच मागावा. तो स्प्रे कॅनमध्ये मिळतो. हवी ती छटा जुळवून पाहिजे असेल, तर ऑटो पेंटच्या दुकानात रंगात लवचिकपणासाठीचं द्रव्य मिसळून द्यायला सांगावं. मूळ छटा शोधायची तर ॲश-ट्रेखाली किंवा पॅनेलच्या दुमडलेल्या कडेला बघावं. तिथं ऊन पोचलेलं नसतं. फिक्यावरून गडद रंग सोपा जातो. गडदावरून फिका करायचा तर थर जास्त लागतात आणि ओरखडा पडला की खालचा रंग डोकावतो.

मारायची पद्धत बागेतल्या फवारणीसारखीच आहे. पानावरून औषध ओघळलं की ते वाया जातं, तसंच इथंही. साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवून हात सारखा हलता ठेवावा. पहिला हात इतका पातळ असावा की खालचं दिसलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. एकाच जाड हातात उरकायला गेलं की रेक्झिनची नक्षी भरून जाते आणि पॅनेल रबरासारखं दिसायला लागतं. सगळं पॅनेल रंगवण्याआधी लपलेल्या कोपऱ्यात थोडा रंग मारावा, दुसऱ्या दिवशी त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. पट्टीला रंग आला नाही तरच पुढं जावं.

डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला मॅट रंगच घ्यावा. चकचकीत रंगाचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि समोरून ऊन असलं की रस्ता दिसत नाही. सीटबेल्टच्या पट्ट्यांना रंग अजिबात लावू नये, रंगातल्या रसायनाने धागा कमजोर होऊ शकतो. नव्या गाडीत एअरबॅगच्या झाकणालाही हात लावू नये, ते ठरल्या जागी फाटण्यासाठीच बनवलेलं असतं.

वेळ निवडताना इगतपुरी-त्र्यंबककडच्या लोकांनी पावसाळा सोडून द्यावा. हवेत दमटपणा असला की रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, दव उठल्यावर सावलीत, वारा आणि धूळ नसलेल्या ठिकाणी काम करावं. खळ्याशेजारी तर नकोच. तोंडाला रुमाल पुरत नाही. वाफ अडवणारा कार्बनचा मास्क लावावा, दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास चूल, बिडी काही नको. दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा रंग घरी फवारू नये. त्याची वाफ फुफ्फुसाला घातक असते, ते काम वर्कशॉपचं आहे.

रंग कुठं लागू पडत नाही

वाळून कडक झालेलं रेक्झिन रंगाने मऊ होत नाही. बारीक चिरा लवचिक फिलरने बुजतात, पण कापडापासून सुटलेलं किंवा टराटरा फाटणारं रेक्झिन बदलावंच लागतं. त्यासाठी कुशनवाल्याकडे जुनं पॅनेलच फर्मा म्हणून न्यावं, म्हणजे क्लिपांची भोकं जागच्या जागी येतात. हार्डबोर्ड खालून फुगला असेल तर दाराच्या आत बघावं. काचेवरून उतरणारं पाणी अडवायला पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद असतो. जुन्या गाड्यांत तो बऱ्याचदा फाटलेला किंवा गायब असतो. तो नवा लावल्याशिवाय पॅनेलवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

आतला रंग बदलल्याने आरसीवर काही फरक पडत नाही, तिथं बॉडीच्या रंगाची नोंद असते. बॉडीचा रंग बदलला तर मात्र आरटीओला कळवावं लागतं. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. त्यामुळे अशा गाडीला आतूनही कंपनीचीच छटा ठेवलेली बरी.

रंगवलेलं पॅनेल एक दिवस हाताळू नये आणि आठवडाभर ओल्या फडक्यानेही पुसू नये. नंतर साध्या ओलसर फडक्याने पुसलं तरी पुरतं. पॉलिशची बाटली पुन्हा आणायची नाही, आणि गाडी उन्हात उभी करायची असेल तर पुढच्या काचेला आतून पडदा लावायचा.