चवदार तळ्याचे पाणी आणि घरातला दिवा

महाडचे चवदार तळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली केला. महाडच्या नगरपालिकेनेही तो 1924 साली मानला. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात! अखेर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि पाणी सर्वांचे हे कृतीने सांगितले. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला 1937 साल उजाडले.

त्याच 1927 साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, भिरा येथे टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. खोपोलीचे 1915 चे, भिवपुरीचे 1922 चे, आणि हे तिसरे. मुळशीचे पाणी सह्याद्रीवरून सुमारे 500 मीटर खाली आणायचे आणि त्याच्या जोरावर चक्रे फिरवायची, अशी ही योजना. तिच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्यासाठी 1921 पासून सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांकडे. तारांखालच्या खेड्यांत पुढे कित्येक वर्षे कंदीलच मिणमिणत राहिला.

म्हणजे प्रश्न एकच होता : पाणी आपल्या डोंगरावरचे, पण त्याचा लाभ कोणाला?

चवदार तळ्यावर हा प्रश्न विचारणारे बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि विजेचे खाते त्यांच्याकडेच होते. देशाला वीज नुसती भरपूर नव्हे, स्वस्तही मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1948 च्या कायद्याने राज्याराज्यांत वीजमंडळे निघण्याची वाट मोकळी झाली, आणि 1960 साली महाराष्ट्राचे मंडळ उभे राहिले. पोलादपूरच्या पूर्वेला महाबळेश्वरचा डोंगर आहे. तिथली सावित्री पोलादपूर-महाडकडे उतरते, तर कोयना पलीकडे जाते. त्या कोयनेचे पाणी डोंगर पोखरून पोफळीला आणले, आणि 1962 पासून वीज मिळू लागली.

आता कोणी विचारील, "पाऊस तर फुकट पडतो, मग बिल कशाचे?" रास्त प्रश्न आहे. पाणी फुकट असले तरी धरण, चक्र, खांब, तारा आणि माणसे फुकट नसतात. शिवाय कोयनेचे पश्चिमेकडे किती पाणी वळवायचे, याला कृष्णा लवादाची मर्यादा आहे. महाराष्ट्राची बहुतेक वीज आज कोळशावर होते. पाण्याचे चक्र काही मिनिटांत सुरू करता येते, म्हणून ती वीज मुख्यत्वे मागणी वाढते त्या वेळेसाठी राखतात. संध्याकाळी घरोघर दिवे लागतात, तेव्हा ती कामी येते.

बिल वाचायलाही शिकले पाहिजे. 1000 वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट होते. घरगुती दराचे टप्पे असतात : 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 पर्यंत त्याहून बराच चढा, आणि पुढे आणखी चढा. 110 युनिटे झाली तर फक्त वरच्या 10 युनिटांना चढा दर लागतो. म्हणजे जी युनिटे तुम्ही वाचवता, ती तुमची सर्वांत महागडी असतात!

हिशेब करून पाहा. 75 वॅटचा पंखा रोज दहा तास फिरला, तर महिन्याला साडेबावीस युनिटे होतात. नव्या तऱ्हेचा 30 वॅटचा पंखा नऊ युनिटांत तेच काम करतो. जुना 100 वॅटचा दिवा दहा तासांत एक युनिट खातो. 9 वॅटचा एलईडी शंभर तासांतही तेवढे खात नाही. पंखा, शीतकपाट घेताना तारांकित चिठ्ठी पाहावी. शिक्षकबंधूंनी हा हिशेब मुलांकडून घरच्या बिलावर करवून घ्यावा. गणितही होईल आणि घराचे चार पैसेही वाचतील.

आणखी एक हिशेब सांगतो. भिऱ्याच्या उंचीवरून एक युनिट वीज काढायला अंदाजे 800 लिटर पाणी खाली सोडावे लागते. रिकाम्या खोलीत दिवा जळतो, तेव्हा हे पाणी वाया जाते. त्या पाण्याखाली कोणाचे तरी शेत गेलेले आहे. तळ्याचे पाणी सर्वांचे, तशी ही वीजही सर्वांची. ती शेवटच्या घरापर्यंत परवडणाऱ्या दरात जावी, हा आपला हक्क. आणि ती उधळू नये, हे आपले कर्तव्य.